ललिता पवारांचा डोळा आणि आपल्या सासवा

मराठी घरात सासूबद्दल तक्रार करायला फार शब्द लागत नाहीत. "आमच्याकडे ललिता पवार आहे," एवढं म्हटलं की ऐकणारीला सगळं समजतं. बारीक झालेला डावा डोळा, वाकडं तोंड, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, सुनेच्या ताटातल्या पोळ्या मोजणारी नजर. ज्या मुलींनी त्यांचा एकही चित्रपट पाहिलेला नाही, त्यासुद्धा हे नाव वापरतात. एका नटीचं नाव भाषेत शिवी होऊन बसावं, असं आपल्याकडे क्वचितच घडलं असेल.

पालघर-बोईसर भागात बायकांचे गट बांधणं, घरातल्या छळाच्या तक्रारी ऐकणं, कारखान्यात जाणाऱ्या बायकांच्या बैठका घेणं हे काम मी करते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळे बोईसरला कुठकुठली माणसं येऊन राहिली आहेत. किनाऱ्याच्या गावांतल्या मांगेल्यांच्या आणि वाडवळांच्या बायका, विक्रमगड-जव्हारकडून येणाऱ्या वारली आणि कोकणा बायका, खानदेशातून, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, ओडिशातून नवऱ्यापाठोपाठ आलेल्या बायका. प्रत्येकीची भाषा वेगळी, जेवण वेगळं, देव वेगळे. पण सासूचं वर्णन करायची वेळ आली की हिंदी सिनेमाने दिलेली हीच एक बाई सगळ्यांच्या मदतीला धावून येते. म्हणून या बाईच्या पडद्यावरच्या कामगिरीकडे आपण बायकांच्या चळवळीने एकदा नीट पाहावं, असं मला फार दिवसांपासून वाटतं आहे. ती कोण होती, तिचं काय झालं आणि तिच्या चेहऱ्याचा उपयोग कशासाठी केला गेला, हे तीन प्रश्न आपल्या रोजच्या कामाशी जोडलेले आहेत.

मूळ नाव अंबा लक्ष्मण शगुन. जन्म १९१६ सालचा, नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याचा. वडील रेशमी आणि सुती कापडाचे व्यापारी. मूकपटांच्या काळात, १९२०च्या दशकाच्या शेवटी, पुण्यात नानासाहेब सरपोतदारांच्या कंपनीत ही मुलगी बालकलाकार म्हणून कामाला लागली. त्या काळात घरंदाज बायका सिनेमात जात नसत आणि ज्या जात त्यांना घरंदाज म्हणत नसत. शाळेचं वय स्टुडिओत गेलं. पुढे ती नायिका झाली. नुसती नायिका नव्हे, १९३२च्या 'कैलास' या मूकपटाच्या आणि १९३७च्या 'दुनिया क्या है' या बोलपटाच्या निर्मितीतही तिचा हात होता. १९३५चा 'हिम्मत-ए-मर्दा' गाजला. मराठीत भालजी पेंढारकरांच्या 'नेताजी पालकर'मध्ये आणि मास्टर विनायकांच्या 'अमृत'मध्ये (१९४१) तिने प्रमुख भूमिका केल्या. म्हणजे पंचविशीच्या आत ही बाई निर्माती होती, नायिका होती, स्वतः कमावत होती. किल्ल्यांचा जुडगा अजून कुणी तिच्या कमरेला बांधला नव्हता.

१९४२ साली 'जंग-ए-आझादी' नावाच्या चित्रपटाचं चित्रीकरण चालू होतं. एका प्रसंगात भगवान या नटाने तिला थप्पड मारायची होती. थप्पड खरोखरीच बसली आणि इतक्या जोरात बसली की तिच्या चेहऱ्याला पक्षाघात झाला, डाव्या डोळ्याची शीर फुटली. उपचार बराच काळ चालले. चेहरा पुष्कळसा सावरला, डोळा मात्र कायमचा अधू राहिला. नायिकेची कामं बंद झाली. त्यानंतर ज्या ललिता पवार आपल्याला माहीत आहेत, त्या सुरू झाल्या.

ही हकीकत सिनेमाच्या पुरवण्यांत शेकडो वेळा छापून आली आहे. प्रत्येक वेळी तिचा सूर एकच असतो. नशिबाने घाला घातला, पण बाई खचली नाही, तिने त्याच डोळ्याचं सोनं केलं. तिच्या जिद्दीबद्दल मला आदरच आहे. पण या सांगण्यात एक गोष्ट सफाईने गळाली आहे. स्टुडिओ ही तिची कामाची जागा होती. थप्पड हा तिच्या कामाचा भाग होता. म्हणजे जे झालं तो कामावर झालेला अपघात होता. बाईला कामाच्या जागी कायमचं अपंगत्व आलं आणि तिच्या हातचं काम गेलं. तालमीत हात किती जोरात फिरवायचा हे कुणी पाहायचं होतं? नटाच्या हाताला मोकळं कुणी सोडलं? हे प्रश्न कुणी विचारत नाही, कारण ते विचारले की नशिबाच्या जागी मालक आणि दिग्दर्शक दिसू लागतात. भगवान यांनाही पुढे लोकांनी डोक्यावर घेतलं. त्यांना इथे आरोपी करायचं माझ्या मनात नाही. एका नटाच्या हाताबद्दल बोलत बसलं की त्या हातामागची व्यवस्था सुटून जाते.

मैत्रिणींनो, ही गोष्ट मी कारखान्यातल्या बायकांच्या बैठकीत सांगते, तेव्हा त्यांना त्यात नवल वाटत नाही. त्यांना ती ओळखीची वाटते. तारापूरच्या वसाहतीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला असलेली एक कंत्राटी कामगार बाई आमच्याकडे आली होती. मशीनमध्ये हात सापडून उजव्या हाताच्या तर्जनीचं पेर गेलं होतं. ठेकेदाराने तिला एका खाजगी दवाखान्यात नेलं, टाके घालून आणले, हातावर थोडे पैसे ठेवले आणि सांगितलं, "विचारलं तर घरी विळीवर कापलं म्हणायचं." अपघाताच्या वहीत नोंद नाही. विमा कार्ड काढलेलंच नव्हतं. पंधरा दिवसांनी ती परत गेली तर मशीनवरचं काम दुसरीला दिलेलं. हिला झाडलोट दिली, रोज कमी. आणि वर मुकादम म्हणाला, "काढून टाकलं नाही, हे नशीब समज." ती खरोखरच नशीब समजत होती. आमच्याकडे ती आली ती नवरा मारतो म्हणून. बोटाचं तिने बोलता बोलता सांगितलं.

आता शेजारी शेजारी ठेवून पाहा. कामावर इजा झाली. इजेला नशीब म्हटलं गेलं. आधीचं काम गेलं. त्याहून कमी मानाचं काम दिलं गेलं आणि ते मिळालं हाच उपकार ठरला. एक बाई सिनेमाची तारका, दुसरी रोजंदारीवरची हेल्पर. दोघींच्या पैशात, प्रसिद्धीत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, हे मला कळतं. पण गोष्टीचा सांगाडा तोच आहे. तारका असूनही ते चुकलं नाही, याचाच अर्थ हा प्रश्न बाईच्या हिमतीचा नसून बाईच्या कामाला काम न मानण्याचा आहे.

आपल्या देशात कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला. म्हणजे ती थप्पड बसण्याच्या एकोणीस वर्षं आधी. पण तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यासमोर उभी राहणारी बाई कामगार आहे, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येणार होतं? या कायद्याला जोडलेल्या परिशिष्टाचं कोष्टक गटातल्या बायकांना मी मुद्दाम वाचून दाखवते. शरीराच्या कुठल्या भागाला इजा झाली म्हणजे कमाईची शक्ती किती टक्के गेली, याचा त्यात हिशेब आहे. एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असला तर ४० टक्के. डोळा जागेवर आहे पण दृष्टी गेली तर ३० टक्के. तर्जनीचं एक पेर गेलं तर ९ टक्के. आणि चेहरा अतिशय विद्रूप झाला तर १०० टक्के, म्हणजे संपूर्ण अपंगत्व. बोटाचं पेर गेलेल्या त्या बाईने हे ऐकून विचारलं, "म्हणजे ताई, माझ्या बोटाचाबी भाव लिवलेला हाय?" भाव नव्हे, हक्क लिहिलेला आहे. १९४८ सालच्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने उपचार आणि अपंगत्वाची भरपाई दोन्ही देण्याची सोय केली. कंत्राटदाराने टाळाटाळ केली तर मूळ मालकावर जबाबदारी येते, हेही कायद्यातच आहे. पण नोंद नाही तर अपघात नाही, आणि अपघात नाही तर हक्क नाही. म्हणून "विळीवर कापलं" हे वाक्य बाईच्या तोंडी घालण्याची एवढी घाई असते.

आता त्या अधू डोळ्याचं पुढे काय झालं ते पाहू. सिनेमाने त्या डोळ्याचा अर्थ ठरवून टाकला: ही बाई दुष्ट आहे. आपल्या कथाकहाण्यांत वाकडं अंग म्हणजे वाकडं मन हे समीकरण जुनंच आहे. तिरळा, लंगडा, कुबडी असलेला माणूस दिसला की तो कपटी असणार हे ठरलेलं. ज्या बायकांना पोलिओ झाला, भाजल्याचे डाग राहिले, ॲसिडने ज्यांचे चेहरे गेले, त्यांनी या समीकरणाची किंमत किती मोजली आहे, हे त्यांनाच विचारावं. ललिता पवारांच्या बाबतीत तर कामावर झालेली जखमच त्यांच्या दुष्टपणाची खूण म्हणून विकली गेली. ज्या धंद्याने जखम दिली, त्याच धंद्याने तिच्यावर पैसा मिळवला.

आणि त्यांना दिलेल्या भूमिका कोणत्या होत्या? तीनच घेते. १९४४ साली प्रभातच्या 'रामशास्त्री'मध्ये त्या आनंदीबाई झाल्या. १९५० साली व्ही. शांताराम यांच्या 'दहेज'मध्ये हुंड्यासाठी सुनेचा जीव घेणारी सासू झाल्या. १९६१च्या 'संपूर्ण रामायण'मध्ये आणि पुन्हा १९८७-८८ साली दूरदर्शनच्या 'रामायण' मालिकेत मंथरा झाल्या. इतिहास, समाज आणि पुराण, तिन्हीकडच्या या तीन बायका. तिघींच्या गोष्टी एकाच चालीने जातात.

नारायणराव पेशव्याचा खून १७७३ साली शनिवारवाड्यात झाला. राज्य हवं होतं रघुनाथरावाला, कट झाला त्याच्यासाठी, तलवारी गारद्यांनी चालवल्या, आणि रामशास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं तेही रघुनाथरावालाच. तरी मराठी माणसाच्या तोंडी काय राहिलं? आनंदीबाईने 'ध'चा 'मा' केला. न्यायाधीशाने पुरुषाला दोषी धरलं आणि लोकांनी बाईला. रामायणात वर दिले दशरथाने, ते पाळायचे की नाही हे ठरवायचं दशरथाने, गादी कुणाला हा निर्णय राजाचा. पण चौदा वर्षांच्या वनवासाचं खापर फुटतं ते म्हाताऱ्या, कुबड्या, परक्या घरी आंदण आलेल्या दासीच्या डोक्यावर. रविवारी सकाळी ती मालिका लागायची, तेव्हा ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी सगळी आळी जमायची. हात जोडून पाहणाऱ्या म्हाताऱ्या मंथरा दिसली की बोटं मोडायच्या. राजाला कुणी बोटं मोडली नाहीत.

आणि 'दहेज'मधली सासू. हुंड्याच्या पायी मुलीचा बळी जातो, हे १९५० साली पडद्यावर सांगणं ही मोठी गोष्ट होती, कारण हुंडाबंदीचा कायदा त्यानंतर अकरा वर्षांनी, १९६१ साली झाला. त्याचं श्रेय शांताराम यांना द्यायलाच हवं. पण प्रेक्षकाने राग काढायचा तो सासूवर. हुंडा ज्या लग्नाच्या बाजारात ठरतो, ज्या जातीच्या प्रतिष्ठेत ठरतो, ज्या वारसाहक्कात मुलीला वाटा नसतो, ते सगळं त्या एका हावरट बाईच्या पदराआड जातं. सुनेचा नवरा तर अशा सगळ्याच चित्रपटांत बिचारा असतो. आईपुढे बोलता येत नाही म्हणून मान खाली घालून उभा. पुढे १९८०च्या 'सौ दिन सास के'मध्ये हीच सासू आली, आणि धाकट्या सुनेने तिला वठणीवर आणलं की प्रेक्षक टाळ्या पिटायचे. म्हणजे उपाय काय, तर सासूला तिच्याच औषधाचा डोस. घराची रचना तशीच.

कुणी म्हणेल, सासवा छळत नाहीत का? छळतात. आमच्या वहीत त्यांची नावं आहेत. उपाशी ठेवणाऱ्या आहेत, मुलगी झाली म्हणून बाळंतिणीकडे पाठ फिरवणाऱ्या आहेत, रॉकेलचा डबा जिथे मुद्दाम हाताशी ठेवला जायचा अशा घरांतल्याही आहेत. बाई आहे म्हणून तिला माफी, असं मी म्हणत नाही. जिने गुन्हा केला तिने शिक्षा भोगावी. १९८३ साली भारतीय दंड विधानात ४९८-अ आलं, १९८६ साली हुंडाबळीसाठी ३०४-ब आलं. आता २०२४च्या जुलैपासून भारतीय न्याय संहितेत तीच कलमं ८५, ८६ आणि ८० या आकड्यांनी आहेत. ही कलमं मिळवण्यासाठी बायका रस्त्यावर उतरल्या होत्या, आणि त्यांत 'नवरा किंवा नवऱ्याचे नातेवाईक' असे शब्द आहेत. नवरा पहिला आहे. पण आमच्याकडे तक्रार सांगायला बसलेली मुलगी नवऱ्यापासून सुरुवात करत नाही. "तो चांगला आहे हो ताई, आईचं ऐकतो तेवढंच." दारू तो पितो, हात तो उचलतो, पगार तो लपवतो, आणि चांगलाही तोच राहतो. कारण घरात ललिता पवार आहे.

अशा वेळी मी दोन-तीन साधे प्रश्न विचारते. खोली कुणाच्या नावावर आहे? सातबारावर कुणाचं नाव आहे? सासूच्या हातात महिन्याला स्वतःचे असे किती पैसे असतात? उत्तरं जवळजवळ नेहमी सारखीच येतात. खोली सासऱ्याच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर. सातबारावर पुरुषांची नावं. सासूच्या हातात मुलगा देईल ते. पुष्कळदा ती विधवा असते. औषधाच्या गोळीसाठीही मुलापुढे हात पसरायचा, तर मुलगा आपला राहिला पाहिजे, ही तिची सगळी पुंजी. सून आली की तिला त्या पुंजीवर दरोडा वाटतो. आयुष्यभर जिला कुठलाच अधिकार मिळाला नाही, तिला म्हातारपणी एकच अधिकार मिळतो, तो सुनेवरचा. किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला असेल, पण कपाटात आहे काय आणि ते कुणाचं, हे ठरवणारी ती नाही. सासूची दुष्टाई हा बाईचा स्वभाव नाही, ती पितृसत्तेने तिला दिलेली नोकरी आहे. आणि या नोकरीतही तिला पगार नाही.

हे समजून घेतलं म्हणून छळणारी सासू सुटत नाही. पण हे समजलं तर नवरा सुटत नाही. तेच तर हवं आहे.

आता आपल्याबद्दल. ललिता पवारांच्या भूमिकांत एक भूमिका थेट आपली आहे, हे आपल्यातल्या किती जणींना माहीत आहे? गुरुदत्तच्या 'मिस्टर अँड मिसेस ५५' या १९५५च्या चित्रपटात त्यांनी सीतादेवीचं काम केलं आहे. ही सीतादेवी बायकांची संस्था चालवते, घटस्फोटाच्या कायद्यासाठी सभा घेते. ती पुरुषद्वेष्टी आहे, कडक आहे, पैशाची सूत्रं हातात ठेवून आहे, आणि भाचीच्या कोवळ्या मनात नवऱ्याविरुद्ध विष भरते. भाचीचं काम मधुबालाचं. ती शेवटी चळवळ सोडून नवऱ्याकडे पळत जाते आणि प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. चित्रपट देखणा आहे, गाणी आजही गोड लागतात. पण वर्ष कोणतं आहे ते पाहा. त्याच वर्षी हिंदू विवाह कायदा अमलात आला आणि हिंदू बाईला देशभर घटस्फोटाचा हक्क मिळाला. हिंदू कोड बिल अडवलं गेलं म्हणून १९५१ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मंत्रिपद सोडलं, त्याला अवघी चार वर्षं झाली होती. अशा वेळी कायदा मागणाऱ्या बाईचा चेहरा म्हणून सिनेमाने कुणाला उभं केलं? ज्या चेहऱ्याला लोक आधीच सासू म्हणून घाबरत होते, त्याच चेहऱ्याला. खाष्ट सासू आणि स्त्रीहक्कवाली, दोघी एकच. आजही गावात आम्ही एखाद्या मुलीच्या बाजूने उभ्या राहिलो की ऐकायला मिळतं, "या बाया घरं फोडतात." हा आवाज कुठून आला, याच्या अनेक उत्तरांपैकी एक उत्तर सीतादेवी हे आहे. म्हणून सांगते, 'ललिता पवार' ही शिवी आपण वापरतो तेव्हा ती आपल्यालाच लागते.

पण ललिता पवार एवढ्याच नव्हत्या. १९५५च्याच 'श्री ४२०'मध्ये त्या फुटपाथवर केळी विकणाऱ्या गंगामाई आहेत. परक्या मुलाला आधी दटावणाऱ्या आणि मग आपला म्हणणाऱ्या. १९५९च्या 'अनाडी'मध्ये मिसेस डीसा आहेत, एकट्या राहणाऱ्या, खोली भाड्याने देणाऱ्या, तोंडाने फटकळ आणि मनाने मऊ. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअरचं पारितोषिक मिळालं. १९७१च्या 'आनंद'मध्ये रुग्णालयाची कडक मेट्रन आहेत. या तिघी कुणाच्या सासू नाहीत. तिघी स्वतःच्या कष्टावर जगतात. त्यांचा तोच डोळा इथे भीती दाखवत नाही, तो माया दाखवतो. म्हणजे दुष्टपणा डोळ्यात नव्हताच, तो लिहिणाऱ्याच्या लेखणीत होता. या बाईला आणखी शंभर मिसेस डीसा मिळाल्या असत्या तर आपल्या भाषेत 'ललिता पवार' या शब्दाचा अर्थ वेगळाच झाला असता.

'अनाडी'त मिसेस डीसा मरतात कशाने, तेही बोईसरच्या बायकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. औषधाच्या कारखान्यात तयार झालेल्या विषारी औषधाने. औषध बिघडलेलं आहे हे दडपणारा मालक प्रतिष्ठित असतो आणि खुनाचा आळ गरीब भाडेकरूवर येतो. आमच्याकडे औषधं, रसायनं, कापड, पोलाद यांचे कारखाने आहेत. स्फोट झाला, वायू सुटला की पहिली बातमी येते ती 'कामगाराच्या चुकीमुळे' अशी. दोष खाली ढकलायची ही रीत सासू-सुनेच्या घरापासून कारखान्यापर्यंत एकच आहे.

कुणाला वाटेल, सिनेमातली ती जुनी गोष्ट झाली, आता सगळं सुधारलं. सिनेमा कामगारांसाठी १९८१ साली खास कायदा झाला, हे खरं. कामाच्या जागी लैंगिक छळ रोखण्यासाठी विशाखा प्रकरणाचा निकाल १९९७ साली आला, कायदा २०१३ साली आला. तरी २०१७ साली केरळमध्ये एका अभिनेत्रीवर अत्याचार झाला, तिथल्या सिनेमातल्या बायका एकत्र आल्या, तेव्हा कुठे सरकारने न्यायमूर्ती हेमा यांची समिती नेमली. समितीने २०१९च्या अखेरीस अहवाल दिला, तो लोकांसमोर यायला २०२४चा ऑगस्ट उजाडला. लैंगिक छळाबरोबर त्यात काय आहे? चित्रीकरणाच्या जागी बायकांना संडास नाही, कपडे बदलायला आडोसा नाही, कामाचा लेखी करार नाही. ही यादी मी तारापूरच्या बायकांना वाचून दाखवली, तर एक जण म्हणाली, "ही तर आमचीच यादी." तिला कुणी शिकवलं नव्हतं. केरळच्या बायकांना जे मिळालं ते एकत्र आल्यामुळे मिळालं. १९४२ साली ललिता पवारांच्या मागे असं कुणी नव्हतं. होती ती फक्त त्यांची जिद्द. एकटीच्या जिद्दीवर त्यांनी पुढची पन्नासेक वर्षं काम केलं. १९६१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळवला आणि १९९८च्या फेब्रुवारीत पुण्यात त्यांचं निधन झालं. त्या जिद्दीला सलाम. पण प्रत्येक बाईने एकटीच्या जिद्दीवर तगावं, अशी अपेक्षा करणारा समाज आपल्याला नको आहे.

म्हणून माझं गटांना सांगणं आहे. सासूला ललिता पवार म्हणणं आपल्या बैठकांतून तरी बंद करू या. तक्रार ऐकताना सासूचं नाव आलं की वहीत तिथेच थांबू नये. घर कुणाच्या नावावर, पगार कुणाच्या हातात, हात कुणी उचलला, हे तिन्ही त्याच पानावर लिहावं. सासवांच्या वेगळ्या बैठका घ्याव्यात. आम्ही घेतल्या आहेत. त्यात पहिला तासभर त्या सुनांविरुद्ध बोलतात आणि नंतर स्वतःच्या सासूबद्दल बोलताना रडतात. घरावर, शेतावर बाईचं नाव लावण्याची मागणी सुनेइतकीच सासूसाठीही करावी. आणि कारखान्यात, शेतावर, बांधकामावर, घरकामावर, जिथे कुठे बाईला इजा होईल तिथे पहिला प्रश्न असावा: नोंद झाली का? वहीत तारीख, वेळ, मशीन, साक्षीदार लिहून घ्या. ठेकेदार पैसे देत असेल तरी नोंद सोडू नका. "विळीवर कापलं" असं कुणी सांगायला लावलं तर तेही लिहून ठेवा.

एका बाईचा डोळा कामावर गेला आणि ऐंशीहून जास्त वर्षं लोक त्याला नशीब म्हणत आले. निदान आपण तरी त्याला अपघात म्हणू. नाव बरोबर दिलं की जबाबदार कोण ते विचारता येतं.